दार दहा वाजून दहाला लागेल

बसा. मागचा पंखा बंद आहे,
त्याचा अर्ज दिलाय, बातमी देऊ नका.
ही खोली नऊ. पत्रकारिता, वर्ष पहिलं.
मी सदानंद आवटी. सव्वीस वर्षं उपसंपादक होतो,
त्यामुळे चष्मा जाड आणि विश्वास पातळ.

दार दहा वाजून दहाला लागेल. कडी आतून.
कारण सांगायचंच तर एका वाक्यात सांगा,
आणि त्या वाक्यात माणूस असू द्या.
‘उशीर झाला’ म्हणे. कुणामुळे?

गृहपाठ शुक्रवारी पाचपर्यंत.
पाच वाजून एक मिनिटाला तो इतिहास होतो,
आणि इतिहास विभाग खालच्या मजल्यावर आहे.

मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघायला जायचंय.
परत आल्यावर वहीच्या पानांवर
पिवळी बोटं दिसली पाहिजेत.
फोनवरून विचारलेला दर मला वासावरून कळतो.

आयर्विन पुलाशी पाणी किती, असं विचारलं
तर ‘खूप’ म्हणायचं नाही.
फूट सांगा, इंच सांगा,
कुणी मोजलं, किती वाजता मोजलं, तेही सांगा.
आपल्या गावात एका ‘खूप’वर
माणसं रात्रीत गाद्या माळ्यावर चढवतात.

दोन जणांकडून खात्री केल्याशिवाय
काहीही खरं नाही. मी सांगतोय तेसुद्धा.

गेल्या वर्षी तिघींनी एकाच सभेची बातमी दिली,
तिघींच्याही बातमीत तारीख एकतीस जून.
तिघींनाही शून्य, सभेलाही शून्य.
‘सर, मशीनकडून लिहून आणलं तर?’
अफसाना नदाफ विचारते, प्रामाणिकपणे.
चालेल की. फक्त त्याला आधी गावभागात पाठव,
म्हणावं, चहा पाजून एका म्हातारीला बोलतं करून ये.

आता नावं.
नावांपाशी मी दरवर्षी थोडा अडखळतो.
फोन खरखरत होता, पान सोडायला सात मिनिटं होती.
घाटावर बुडाला तो प्रताप.
मी छापला प्रल्हाद,
त्याचा थोरला भाऊ.
दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात आला, हातात घडी केलेला अंक.
ओरडला नाही. खुर्ची दिली, बसला नाही.
म्हणाला, ‘साहेब, आई आता दोघांसाठी रडतीया.’
दुरुस्ती छापली. आतलं पान, चार ओळी,
निविदा आणि हरवले-सापडले यांच्या मध्ये.
विश्रामबागेत आता त्याची भडंगाची गाडी आहे.
मला बघितलं की पुडी बांधतो, ‘घ्या, मेलेल्याच्या हातचं.’
पैसे घेत नाही.
घेतले असते तर बरं झालं असतं.

(या नियमाला मार्क नाहीत.)

तास संपला. कडी काढली
तर बाहेर जमिनीवर एक मुलगा,
मांडीवर वही, शेजारी जेवणाचा डबा.
बिरुदेव हाक्के. जतकडून एसटीनं येतो.
‘एसटी चालकानं डिझेल भरायला थांबवली,’ एका वाक्यात म्हणाला,
वाक्यात माणूस होता.
मग वही पुढं केली. दाराआडून ऐकलेलं सगळं,
फूट, इंच, प्रताप, प्रल्हाद, मात्रा-वेलांटीसकट.
शेवटी खाली रेघ मारून:

‘सर, वर्गातलं घड्याळ सहा मिनिटं पुढं आहे.
शिपाई खाडेमामांना विचारलं, ग्रंथालयात जाऊन बघितलं.
मी आलो तेव्हा दहा वाजून सात झाले होते.’

मी मान वर करून घड्याळाकडं बघितलं.
अकरा वर्षं याच भिंतीवर आहे ते,
आणि अकरा वर्षं मी कितीजणांना…

वर्ग थांबला होता, दप्तरं अर्धी खांद्यावर.
खडू घेतला.
दारावरच, नियमांचा कागद जिथं डकवलाय त्याच्या वर,
चार ओळींत नाही, आतल्या पानावर नाही,
मोठ्या अक्षरात लिहिलं: दुरुस्ती.
आणि खाली लिहायच्या आधी
बिरुदेवला विचारलं,
हाक्के लिहिताना क ला क जोडायचा ना?